चोवीस रेघा

डॉक्टर चंद्रकांत गद्रे यांचा फारसा कुणावर विश्वास नव्हता, आणि याची त्यांना खंतही वाटत नसे. सिल्वासाला लागून असलेल्या आमलीतल्या त्यांच्या दवाखान्यात एखादा रोगी आपली हकीकत सांगू लागला की ते मान खाली घालून शांतपणे ऐकून घेत. केसपेपरवर मात्र नाडी, जीभ, डोळे आणि लघवी यांनी जे सांगितले असेल तेवढेच लिहीत. माणसाने सांगितले ते त्याचे म्हणणे आणि शरीराने सांगितले ती साक्ष, असा भेद ते कंपाउंडर रघुनाथला वरचेवर समजावून देत. रघुनाथ मूळचा तिथलाच, दमणगंगेच्या काठचा. तो हसून म्हणे, "साहेब, तुम्ही तर देवळातला प्रसादबी आधी तपासून खाणार."

या स्वभावाला अलीकडे एक कारणही मिळाले होते. आदल्या वर्षी एका कारखान्याच्या वार्षिक तपासणीसाठी एकवीस कामगारांच्या लघवीच्या बाटल्या दवाखान्यात आल्या आणि त्यांतल्या चौदा जणांना एकदमच कावीळ झाल्याचे निघाले. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. ज्याला आपल्या लघवीचा भरवसा वाटत नसे, तो धडधाकट दिसणाऱ्या सोबत्याकडून बाटली भरून घेई. विरजण मागावे आणि शेजाऱ्याने द्यावे, इतक्या सहजपणे हा व्यवहार चाले. त्या वर्षी अशा सगळ्यांनी काळू नावाच्या एका पैलवानी अंगाच्या गड्यावर भिस्त ठेवली होती, आणि नेमकी काळूलाच कावीळ झाली होती. आमलीभर हसू झाले. डॉक्टर हसले नाहीत. त्या दिवसापासून ते बाटलीकडे पाहण्याआधी बाटली आणणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू लागले.

सुकदेव त्यांच्याकडे आला तो एक्याण्णव सालच्या मार्चमध्ये. आला म्हणणे खरे तर चूक. त्याला आणले गेले. धाग्याला पीळ देणाऱ्या कारखान्यातला सुपरवायझर भर दुपारी त्याला टेम्पोत घालून घेऊन आला. त्याचे निदान तयारच होते.

"पिऊन आलाय, साहेब. तोंडाला वास मारतोय. एक शिक्का मारून द्या, म्हणजे पुढचं आमचं आम्ही बघतो."

सिल्वासात या निदानावर सहसा कुणी वाद घालत नसे. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आणि इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकान. दुपारी झिंगलेला कामगार ही काही बातमी नव्हती. पण डॉक्टरांनी सुपरवायझरवरही विश्वास ठेवला नाही. ते वाकले आणि त्यांनी त्या वासाचा शोध घेतला. तो दारूचा नव्हता, ताडीचाही नव्हता. झाडाखाली गळून पडलेल्या, फार पिकलेल्या पेरूंचा असतो तसा तो वास होता. श्वास खोल, लांब आणि एका लयीत चालला होता. धाव संपवून बसलेल्या माणसाचा असावा तसा, पण हा माणूस तर निजलेला. नळीने काढलेली लघवी निळ्या द्रावणात तापवली तेव्हा ती विटेसारखी लाल झाली. आम्ल शोधणाऱ्या दुसऱ्या परीक्षेत जांभळे कडे उमटले. रक्तात साखर माजली होती आणि तिच्यापाठोपाठ आम्ल. डॉक्टरांनी सुपरवायझरला बाहेर काढले, दवाखान्याच्या चार खाटांपैकी एक रिकामी केली आणि दोन दिवस सलाइन आणि तासातासाला इन्सुलिन असा पहारा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवने डोळे उघडून चहा मागितला.

संशयाने एक माणूस वाचला, असा डॉक्टरांनी त्यातून अर्थ काढला. तो अर्थ खोटा नव्हता. मात्र त्यामुळे संशयावरचा त्यांचा विश्वास प्रमाणाबाहेर वाढला.

सुकदेव अमळनेरकडचा, छत्तीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, पोट सुटलेला माणूस होता. सुईच्या नुसत्या कल्पनेने त्याचा चेहरा पांढरा पडे. म्हणून डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, लीलाला, समोर बसवून सगळे शिकवले. काचेची सिरिंज कशी उकळायची, बाटलीतून औषध सिरिंजवरच्या रेघा मोजून कसे ओढायचे, मांडीत कुठे टोचायचे. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब घालून नळी स्पिरिटच्या दिव्यावर कशी धरायची हेही शिकवले. निळाच रंग राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. पिवळा, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. लीला सातवी शिकलेली होती. तिने एकदाच पाहिले आणि दुसऱ्या खेपेस सगळे न चुकता करून दाखवले.

"सकाळी चोवीस रेघा, संध्याकाळी सोळा," डॉक्टर म्हणाले. "एकही रेघ कमी करायची नाही. हे आता जन्माचं आहे, बाई. तीन दिवस चुकलात तर पुन्हा तोच टेम्पो, आणि या खेपेला मी काही करू शकेन असं समजू नका."

लीलाने मान हलवली.

जूनच्या अखेरीस ती एकटीच दवाखान्यात आली. बाकावर बसलेल्यांसमोर बोलायला ती संकोचत होती.

"साहेब, यांना सुई दिल्यावर घाम सुटतो. हातपाय कापतात. परवा तर मलाच ओळखेनात, म्हणत होते तू कोण. गूळ चारला तेव्हा शुद्धीवर आले. तीनदा झालं असं."

"जेवण वेळेवर होत नसेल."

"वेळेवर होतं साहेब. मी समोर बसून वाढते."

"मग ताडी प्यायला असेल," डॉक्टर म्हणाले. "पोटात ताडी आणि वर इन्सुलिन, म्हणजे असंच होणार. त्याला विचारा. आणि मला आत्ताच सांगून ठेवायचंय, डोस कमी करायचा नाही. नाहीतर मार्चसारखा आणाल आणि म्हणाल डॉक्टरनं मारला."

"ते घेत नाहीत साहेब."

"सगळ्यांच्या बायका हेच सांगतात."

लीलाने पदर सारखा केला, नवी बाटली रघुनाथकडून घेतली आणि निघून गेली. आपण तिला गप्प केले, हे डॉक्टरांच्या लक्षात आले नाही. त्यांना वाटले, आपण तिची खात्री पटवली.

पुढच्या तीन महिन्यांत त्यांचे लक्ष इन्सुलिनच्या बाटल्यांकडे गेले. चाळीस रेघांच्या हिशेबाने एक बाटली बरोबर दहा दिवस पुरायला हवी. एप्रिलपासून जूनपर्यंत लीला दर दहा दिवसांनी येत होती. जुलैत ती दोनदा आली, ऑगस्टमध्ये एकदा, सप्टेंबरात आलीच नाही. सुकदेव मात्र महिन्याच्या महिन्याला लघवीची बाटली घेऊन येई आणि प्रत्येक वेळी द्रावण पहिल्यासारखे निळेच्या निळे राही.

"इन्सुलिन घेतोस ना?" डॉक्टरांनी त्याला सप्टेंबरात विचारले.

"रोज घेतो साहेब. सकाळ-संध्याकाळ. लीला टोचते ना."

"पूर्ण?"

"आता ते मी काय बघू? मी तर भिंतीकडे तोंड करून बसतो," तो ओशाळून हसला.

तो गेल्यावर डॉक्टरांनी रघुनाथपुढे आपला तर्क मांडला. त्यांना तर्क मांडायला श्रोता लागे, आणि रघुनाथला दुसरीकडे जाता येत नसे.

"औषधाची बाटली म्हणते, हा औषध घेत नाही. लघवी म्हणते, हा औषध घेतो. दोन्ही साक्षी खऱ्या असू शकत नाहीत. कबूल?"

"कबूल, साहेब."

"बाटली खोटं बोलू शकत नाही. काचेची आहे, तारीख मी घातलेली आहे. म्हणजे लघवी खोटी. हा बायकोची लघवी आणतो. किंवा शेजाऱ्याची."

"पण साहेब, माणूस तर एकदम सारा, ठणठणीत दिसतो. जाड आहे, काम करतो. औषध बंद असतं तर दिसलं असतं ना?"

"काळूपण बरा दिसत होता."

डॉक्टरांच्या तर्कातली खोट रघुनाथलाही दिसली नाही. दोन्ही साक्षी एकाच वेळी खऱ्या असण्याची एक वाट होती. पण ती पुस्तकात नसल्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यातही नव्हती.

रक्त तपासणे हा सरळ उपाय होता. रक्त काही उसने आणता येत नाही. वापीचा तंत्रज्ञ दर बुधवारी दवाखान्यात येई. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला आणि सुकदेव दोन्ही बुधवारी आला नाही. आता डॉक्टरांना शंका उरली नाही. हा माणूस फसवतो आहे, आणि असाच फसवत राहिला तर कुठल्याही आठवड्यात मरेल. त्यांना खरोखर भीती वाटली. मार्चमधला तो खोल श्वास त्यांच्या कानांत बसला होता, आणि ज्याला त्यांनी हाताने मागे ओढले होते तो हात सोडवून पुन्हा काठाकडे चालला आहे, असे त्यांना दिसत होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, न कळवता ते स्कूटरवरून सामरवरणीला, सुकदेव राहत होता त्या चाळीत गेले. पिशवीत निळे द्रावण, नळ्या, दिवा, उकळलेली सिरिंज आणि बर्फाच्या थर्मासात नवी बाटली होती.

चाळीतली खोली स्वच्छ होती. सुकदेव बनियनवर दाढी करत होता. डॉक्टरांना दारात पाहून त्याच्या गालावरचा साबण तसाच राहिला. लीला स्टोव्हपाशी होती. ती उठली, पण पुढे आली नाही.

"सकाळची सुई झाली?"

"नाही अजून, साहेब," सुकदेव म्हणाला. "बसा ना. चहा टाकते ती."

"चहा नको. बाटली दाखवा."

लीलाने कोपऱ्यातल्या मडक्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढून दिली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात अकरा ऑगस्टची तारीख होती, आणि आत अजून निम्म्याहून थोडे कमी औषध होते. छप्पन्न दिवस. त्यांनी ती सुकदेवच्या तोंडासमोर धरली.

"हे काय आहे?"

"औषध," सुकदेव गोंधळून म्हणाला.

"हे दहा दिवसांचं औषध आहे. आता एक कर. ही नळी घे, मोरीत जा आणि भरून आण. दार उघडं ठेव. मी इथं उभा आहे."

"साहेब, बायको आहे समोर."

"तिनं तुला मार्चमध्ये याहून वाईट अवस्थेत पाहिलंय. जा."

सुकदेव गेला. डॉक्टर पाठमोऱ्या माणसावर डोळे रोखून उभे राहिले. कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदारही इतका बारीक पाहत नसेल. नळी आली, ती ऊन होती. त्यांनी दिवा पेटवला, आठ थेंब मोजले आणि द्रावण तापवले. द्रावण उकळले, फसफसले आणि निळेच राहिले. त्यांनी दुसरी नळी घेऊन सगळे पहिल्यापासून केले. पुन्हा निळे.

लघवी खरी होती. मग बाटली खोटी ठरत होती, आणि बाटली तर खोटी असू शकत नव्हती.

"दुसरीकडून औषध आणता तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "वापीहून. माझ्याकडून नेत नाही एवढंच. तसं असेल तर तसं सांगा."

"नाही साहेब," सुकदेव म्हणाला. "वापीला गेलोच नाही मी."

"ठीक आहे. आज मी स्वतः देतो. चोवीस. आणि तासभर इथंच बसतो. मग कळेल कोण काय घेतं ते."

त्यांनी नव्या बाटलीतून औषध ओढले, चोविसाव्या रेघेवर थांबले आणि सिरिंज उजेडात धरून बुडबुडा काढला. सुकदेवने सवयीने लेंगा वर सारला आणि भिंतीकडे तोंड केले. डॉक्टर वाकले, तेव्हा लीला दोघांच्या मधे आली आणि तिने नवऱ्याच्या मांडीवर आपला तळवा पालथा ठेवला.

"एवढं नका देऊ."

"बाई, बाजूला व्हा."

"आधी माझ्या हाताला टोचा, मग त्यांना. साहेब, ते दोन घेतात. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. तुम्ही चोवीस दिले तर मरतील ते."

डॉक्टर सरळ उभे राहिले. सुकदेवने भिंतीकडचे तोंड फिरवले.

"दोन?" तो म्हणाला. मग घरातली बोली त्याच्या तोंडी आली. "तू माले सांगं नही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यांना जाऊन सांगितलं असतं," लीला म्हणाली. "तुमच्या पोटात काही राहतं का?"

"किती दिवस चाललंय हे?" डॉक्टरांनी विचारले.

"जूनपासून. मी आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, ताडी प्यायले असतील." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हीच शिकवलंत ना साहेब, निळा म्हणजे साखर नाही. रोज निळा यायचा आणि रोज मी चोवीस भरायचे, आणि माणूस माझ्या डोळ्यांसमोर थरथर कापायचा. मग मी दोन रेघा कमी केल्या. तीन दिवस रंग बघितला. निळाच. मग आणखी दोन. एकदा हिरवा आला, तेव्हा तिथंच थांबले आठ दिवस. परत निळा झाला, परत कमी केलं. असं करत करत दोनवर आले. त्याच्या खाली जायची भीती वाटली."

"आणि बुधवारचे निरोप?"

"ते मीच यांना दिले नाहीत. वाटलं, रक्तात कळेल तुम्हाला आणि तुम्ही परत वाढवून द्याल."

डॉक्टरांना राग आला. तो आला ही गोष्ट ते पुढेही नाकारत नसत. आपल्या पाठीमागे, आपल्याच विद्येने, एका सातवी शिकलेल्या बाईने तीन महिने आपला हुकूम मोडला होता. नवऱ्याला वाचवण्यासाठी ती आत्ता ही गोष्ट रचते आहे काय, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण रचलेल्या गोष्टीत तो हिरवा रंग कुणी घातला नसता. खोटे बोलणारा माणूस सगळे निळेच सांगतो.

त्यांनी सिरिंज मोरीत रिकामी केली.

"बुधवारी दोघं या. उपाशीपोटी. मंगळवार संध्याकाळपासून सुई नाही. रंग मात्र दर चार तासांनी बघा, आणि पिवळा दिसला तर त्याच क्षणी या. बुधवारची वाट बघू नका."

बुधवारी त्यांनी स्वतः रक्त काढले. उपाशीपोटी साखर एकशे सहा निघाली, जेवणानंतर दोन तासांनी एकशे अठ्ठेचाळीस. जांभळ्या कड्याचा मागमूस नव्हता. तंत्रज्ञाला वाटले, नमुन्यांची अदलाबदल झाली. डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासायला लावले आणि आकडे तेच आले.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी पुस्तके पालथी घातली. पुस्तकांत मधुमेहाची दोनच घरे होती. एका घरात काटकुळी, कोवळी मुले होती. ती इन्सुलिनविना आम्लाने मरत. दुसऱ्या घरात मध्यमवयीन, पोट सुटलेली माणसे होती. त्यांना पथ्य आणि गोळ्या पुरत, आणि सहसा आम्ल चढत नसे. सुकदेव पहिल्या घराच्या दारातून आत आला होता आणि दुसऱ्या घरात जाऊन बसला होता. त्यांनी मुंबईला आपल्या गुरूंना पत्र लिहिले. उत्तर अर्ध्या पानाचे आले. असे काही रोगी आपणही पाहिले आहेत, असे त्यांनी लिहिले होते. साखरेच्या माऱ्याने दमलेली ग्रंथी विश्रांती मिळाल्यावर पुन्हा काम करू लागते. किती दिवस करील ते सांगता येत नाही. शेवटची ओळ अशी होती : 'रोगी बरा झाला असे मानू नका, आणि तो खोटे बोलतो असेही मानू नका.'

डॉक्टरांनी ते पत्र दोनदा वाचून त्याची घडी केली. त्यांनी इन्सुलिन बंद केले, पथ्य आणि एक गोळी सुरू केली आणि ताप, उलटी किंवा जखम झाली तर काय करायचे ते एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिले. कागद लीलाच्या हाती दिला. सुकदेव हसून म्हणाला, "म्हणजे माझा डॉक्टर घरातच राहतो."

वर्ष निघून गेले. सुकदेव दर महिन्याला येत राहिला, डॉक्टर दर वेळी त्याच्याकडे तसेच रोखून पाहत राहिले. फक्त आता त्यांना सुकदेवची नव्हे, त्याच्या आत दबा धरून बसलेल्या रोगाची चाहूल हवी असे. त्र्याण्णवच्या जानेवारीत, एका सकाळी दवाखाना भरलेला असताना, लीला आली. सुकदेवला तिने रिक्षात बसवून आणले होते. मानेवरच्या गळवाने त्याला दोन दिवस ताप होता.

"काल संध्याकाळपर्यंत हिरवा होता," ती म्हणाली. "आज सकाळी नारिंगी."

डॉक्टरांनी जांभळ्या कड्याची परीक्षा केली. कडे नव्हते. वासही नव्हता, त्यांनी वाकून घेतला. रोग परतला होता, पण या खेपेस तो उंबऱ्यावरच सापडला होता. त्यांनी रघुनाथकडून बाटली आणि सिरिंज मागवली, गळू चिरण्याची तयारी करायला सांगितले आणि मग लीलाकडे वळले.

"किती द्याव्यात, तुम्हाला काय वाटतं?"

बाकावरचे लोक ऐकू लागले. लीलाने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. हा माणूस आपली परीक्षा घेतो आहे, की चारचौघांत हसे करतो आहे, की आपल्या तोंडून एखादी चूक काढून मागचा राग फेडतो आहे, हे तिला कळेना.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"मी सांगेनच. पण आधी तुम्ही."

"दहा," ती सावधपणे म्हणाली. "आणि दोन तासांनी रंग बघायचा."

डॉक्टरांच्या मनात चौदा होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला, बाटली उलटी धरली आणि दहाव्या रेघेवर थांबले.

"दोन तास इथंच बसा," ते म्हणाले. "रंग दोघं मिळून बघू."